सर्पविषातील विकरे: दंशानंतर शरीरात काय घडते आणि प्रतिविष कसे काम करते?

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत भातलावणीचा हंगाम आणि सर्पदंशाचा हंगाम एकच असतो. पावसाने बिळे भरली की साप बाहेर पडतात. बांधावर, पेंढ्याच्या उडवीत, सरपणाच्या ढिगात उंदीर आणि बेडूक असतात, म्हणून सापही तिथेच येतात. याच दिवसांत माणसे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अनवाणी शेतात असतात आणि रात्री घरात जमिनीवर झोपतात. धसईच्या आसपासच्या एखाद्या वाडीवर साप चावला, तर आधी रस्ता गाठायचा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढे मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास उल्हासनगर किंवा ठाणे.

या प्रवासात जाणारा प्रत्येक अर्धा तास महत्त्वाचा का असतो, याचे उत्तर जीवरसायनशास्त्रात आहे. सापाचे विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्यातली बरीच प्रथिने विकरे, म्हणजेच एन्झाइम असतात. विकर शरीरात शिरले की वेळ मिळेल तितके काम करत राहते. प्रतिविष ते काम थांबवू शकते, झालेले नुकसान मात्र भरून काढू शकत नाही.

विकर म्हणजे काय?

शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या प्रथिनाला विकर म्हणतात. भाकरी चावताना थोड्या वेळाने ती गोडसर लागते, कारण लाळेतले अमायलेज हे विकर पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागते. जठरातले पेप्सिन प्रथिने तोडते. दही लागते तेही जिवाणूंच्या विकरांमुळेच.

विकराचा एक गुण इथे लक्षात ठेवायला हवा. क्रिया घडवताना ते स्वतः खर्ची पडत नाही. एक रेणू तोडून झाला की तेच विकर पुढच्या रेणूकडे वळते. म्हणूनच काही मिलिग्रॅम विष पन्नास-साठ किलोच्या माणसाचा जीव घेऊ शकते.

विष आले कुठून?

सापाची विषग्रंथी हे लाळग्रंथीसारखेच, कालांतराने बदलत गेलेले इंद्रिय आहे. विषाच्या कोरड्या वजनापैकी 90 टक्क्यांहून अधिक भाग प्रथिने आणि प्रथिनांचे लहान तुकडे म्हणजे पेप्टाइड यांचा असतो. ही प्रथिने सर्वस्वी नवी नाहीत. विषातील फॉस्फोलायपेज ए-2 हे विकर आपल्या स्वादुपिंडातल्या, चरबी पचवणाऱ्या एका विकराच्या कुळातले आहे. विषातील धातुप्रथिनविकरांचे (त्यांच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो) नातेवाईक माणसाच्या पेशींवरही सापडतात. शरीरात मोजूनमापून वापरली जाणारी हत्यारे सापाच्या ग्रंथीत बेलगाम झाली, असे म्हणता येईल.

विषातली महत्त्वाची विकरे आणि त्यांची कामे अशी:

- फॉस्फोलायपेज ए-2: पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ तोडते. त्यामुळे स्नायू, तांबड्या पेशी किंवा नसांची टोके यांना इजा होते.
- धातुप्रथिनविकरे: रक्तवाहिन्यांच्या भिंतीचा आधार कापतात. त्यामुळे रक्त बाहेर झिरपते, सूज येते, फोड येतात.
- सेरीन प्रोटिएज: रक्त गोठवण्याच्या साखळीत ढवळाढवळ करतात.
- हायलुरोनिडेज: पेशींमधला चिकट पदार्थ विरघळवते आणि बाकीच्या विषाला पसरायला वाट करून देते.

विषातले सगळेच घटक विकरे नसतात. नागाच्या विषातील काही लहान प्रथिने काहीही तोडत नाहीत, ती फक्त नेमक्या जागी जाऊन चिकटतात आणि तेवढ्याने श्वास थांबू शकतो.

रक्तावर हल्ला: घोणस आणि फुरसे

जखम झाली की रक्त गोठते, ते एका साखळीमुळे. रक्तातील एक घटक दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन हे विकर तयार होते आणि ते फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनवते. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते.

घोणशीच्या विषात या साखळीतला दहावा घटक थेट जागा करणारे विकर असते, तसेच पाचव्या घटकाला जागे करणारे दुसरे असते. फुरशाच्या विषात इकॅरिन नावाचे विकर असते. ते त्याही पुढच्या पायरीवर, प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. जखम नसताना सगळ्या शरीरभर गोठण्याची क्रिया सुरू होते आणि गोठवण्याचा सगळा कच्चा माल, विशेषतः फायब्रिनोजेन, संपून जातो. मग रक्त गोठतच नाही. दंशाच्या जागेतून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीव वाचवणे कठीण होते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होण्याचाही मोठा धोका असतो आणि अशा रुग्णांना कधी कधी डायलिसिस लागते.

नसांवर हल्ला: नाग आणि मण्यार

नस स्नायूला आदेश देते तेव्हा तिच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन बाहेर पडते आणि स्नायूवरील ग्राहक प्रथिनाला चिकटते. स्नायू आकुंचन पावतो. मग ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर ते रसायन तोडून टाकते, म्हणजे पुढच्या आदेशासाठी जागा मोकळी होते.

नागाचे नसविष त्या ग्राहकावर जाऊन बसते. आदेश निघतो, पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे जड होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. इथे डॉक्टर प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन हे औषध वापरू शकतात. ते ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या विकराला रोखते. त्यामुळे आदेशाचे रसायन साठत जाते आणि विषाशी स्पर्धा करून काही ग्राहक परत मिळवते. नागदंशाच्या जागी मांस सडण्याची भीतीही असते, कारण त्याच्या विषात पेशी मारणारी प्रथिनेही असतात.

मण्यारीचे विष नसेच्या टोकावर, म्हणजे आदेश निघतो त्याच ठिकाणी, आघात करते. तिच्या विषातील मुख्य नसविषात फॉस्फोलायपेज ए-2 विकराचा भाग असतो. तो नसेचे टोकच खराब करतो. एकदा ते झाले की प्रतिविषाने ते दुरुस्त होत नाही. टोक पुन्हा वाढेपर्यंत, कधी काही दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. निओस्टिग्मिनचाही इथे फारसा भरवसा नसतो.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि पापण्या जड होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर घरच्यांनी पित्त किंवा अपचन समजून वाट पाहू नये.

काचेची नळी आणि 20 मिनिटे

रक्तावर विषाचा परिणाम झाला आहे का, हे ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. रुग्णाच्या शिरेतून 2 ते 3 मिलिलिटर रक्त घ्यायचे, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत ओतायचे आणि नळी 20 मिनिटे न हलवता ठेवायची. मग हलकेच आडवी करायची. रक्त गोठलेले असेल तर ते जागचे हलत नाही. ते पाण्यासारखे वाहिले, तर फायब्रिनोजेन संपले आहे असे समजायचे आणि प्रतिविष सुरू करायचे.

नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागले की गोठण्याची साखळी आपोआप सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत तसे नीट होत नाही. नळी साबणाच्या पावडरीने धुतलेली असली तरी निकाल चुकू शकतो. प्रतिविष दिल्यानंतर हीच चाचणी साधारण 6 तासांनी पुन्हा करतात. विष निष्प्रभ झाल्यावर यकृताला गोठवणारे घटक नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. तोवर रक्त पातळ दिसले म्हणून लगेच आणखी प्रतिविष देण्याची गरज नसते.

प्रतिविष: घोड्याच्या रक्तातून

गावात याला "सापाची लस" म्हणतात, डॉक्टर "एएसव्ही" म्हणतात. हे लस नव्हे. लस घेतली की शरीर स्वतः प्रतिपिंडे बनवते. प्रतिविषात ती तयारच मिळतात, तीही घोड्याची.

घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत देऊन ती मात्रा हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचे शरीर विषातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग थोडे रक्त काढून त्यातून ती प्रतिपिंडे वेगळी करतात. पुढच्या टप्प्यात पेप्सिन, म्हणजे आपल्या जठरात असते तेच विकर, वापरून प्रतिपिंडाचा नको असलेला भाग कापून टाकतात. त्यामुळे रुग्णाला घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी होण्याचा धोका कमी होतो, संपत मात्र नाही. म्हणून प्रतिविष देताना ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवावे लागते आणि ते घरी किंवा वाटेत कोणी देऊ नये.

सापाचे प्रतिविष फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी 1890च्या दशकात तयार केले. आपल्याकडे मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. 1899 साली प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेल्या या प्रयोगशाळेत पुढे प्रतिविषही बनू लागले. माळशेज घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथेही प्रतिविषाचे उत्पादन होते.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांविरुद्ध एकत्रच असते. त्यामुळे कोणता साप चावला हे ठाऊक नसले तरी उपचार अडत नाहीत. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावला जाण्याची भीती असते.

मात्रेचे गणित

प्रतिविषाचा 1 मिलिलिटर नाग किंवा घोणशीचे 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. कुपी 10 मिलिलिटरची, म्हणजे एक कुपी घोणशीच्या 6 मिलिग्रॅम विषाला पुरते. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते, असे मोजमापातून दिसले आहे. म्हणून उपचाराची सुरुवात साधारण 10 कुप्यांनी होते.

लहान मुलालाही मोठ्यांइतकेच प्रतिविष देतात, यावरून अनेक पालक घाबरतात. पण प्रतिविष रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, विषाच्या मात्रेवर ठरते. सापाने मुलात कमी विष सोडलेले नसते.

प्रतिपिंडे रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतात. पेशीत शिरून काम उरकलेल्या विषाला ती पकडू शकत नाहीत. पहिल्या तासात दिलेल्या 10 कुप्या आणि आठव्या तासात दिलेल्या 10 कुप्या यांचे मोल म्हणूनच सारखे नसते.

भगताकडे गेलेले काही जण बरे का होतात?

बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर चावले तर विषबाधा होत नाही. कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो आणि डुरक्या घोणस नावाने व काहीशी रूपाने घोणशीची आठवण करून देतो, दोन्हीही बिनविषारी. शिवाय विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण कोणत्याही उपायाने, किंवा काहीच न करता, बरे होतात आणि श्रेय मंत्राला किंवा पाल्याला मिळते. विष खरोखर शिरले असेल, तर हेच दोन-तीन तास घातक ठरतात.

मुंगसाचेही तसेच. तो एक विशिष्ट वनस्पती खाऊन विष उतरवतो अशी समजूत आहे. इस्रायलमधील संशोधकांनी 1992 साली दाखवले, की मुंगसाच्या स्नायूवरील ॲसिटिलकोलिनच्या ग्राहक प्रथिनातच थोडा बदल असतो आणि नागाचे नसविष त्याला नीट चिकटू शकत नाही. मुंगसाचे संरक्षण त्याच्या जन्मजात प्रथिनात आहे, वेलीच्या मुळात नाही.

दंश झाल्यावर काय करावे?

- रुग्णाला धीर द्या, चालू किंवा पळू देऊ नका. स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते.
- चावलेला हात किंवा पाय फळी अथवा काठीचा आधार देऊन, हाड मोडल्यावर ठेवतात तसा स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा. सूज आल्यावर ती निघत नाहीत आणि रक्तपुरवठा तोडतात.
- दोरीने आवळून बांधू नका. घोणस आणि फुरशाच्या विषातील विकरे एकाच जागी कोंडली गेली तर तेथील मांस अधिक झिजते. दोरी सोडताच साठलेले विष एकदम पसरते.
- कापू नका, चोखू नका, बर्फ किंवा पाला लावू नका. रक्त गोठत नसताना केलेली चीर थांबत नाही.
- 108 वर फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.
- दंश किती वाजता झाला आणि लक्षणे कधी दिसली, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

लक्षणे नसली तरी रुग्णाला 24 तास देखरेखीखाली ठेवणे योग्य. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत मिळते.

संशोधन आज कुठे आहे?

प्रतिविषाची एक मोठी मर्यादा म्हणजे विषातील प्रादेशिक फरक. भारतात प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाच्या विषातील विकरांचे प्रमाण मात्र प्रदेशागणिक बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने 2019 साली दाखवले, की चार प्रमुख सापांपलीकडच्या काही विषारी जातींच्या विषावर आजचे प्रतिविष कमी पडते. सह्याद्रीत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषाविरुद्धही या प्रतिविषात प्रतिपिंडे नसतात. त्यामुळे ज्या भागात उपचार द्यायचा, त्या भागातील सापांचे विष वापरण्याची मागणी अभ्यासक करत आहेत.

दुसरी वाट गोळीची आहे. व्हॅरेस्प्लाडिब हे औषध फॉस्फोलायपेज ए-2ला रोखते आणि ते तोंडाने घेता येते. भारत आणि अमेरिकेतील रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ठरवलेल्या मुख्य निकषावर त्याचा स्पष्ट फायदा सिद्ध झाला नाही, पण विकरे रोखणाऱ्या औषधांवर काम सुरू आहे. अशी गोळी यशस्वी झाली तर ती दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा वेळ मिळवून देईल. प्रतिविषाची जागा ती घेणार नाही.

विषातील प्रथिनांनी माणसाला औषधेही दिली आहेत. ब्राझीलमधील एका सापाच्या विषातील पेप्टाइडवरून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरील औषध घडले. ते रक्तदाब वाढवणाऱ्या विकराला रोखते. अमेरिकेत त्याला 1981 साली मान्यता मिळाली. आज अनेक घरांत असणाऱ्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या त्याच कुळातल्या. फुरशाच्या विषातील एका प्रथिनाच्या अभ्यासातून हृदयविकारात वापरले जाणारे टायरोफिबान तयार झाले. घोणशीचे विष पातळ करून प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची एक तपासणी आजही केली जाते.

आकडे काय सांगतात?

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. यातले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले, आणि बहुतेक खेड्यांत, दवाखान्याबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाच्या विषबाधेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. 2024 साली केंद्र सरकारने 2030पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले.

योजना अमलात येतील तेव्हा येतील. लावणीच्या दिवसांत धसईजवळच्या वाडीला आजच करता येण्याजोग्या गोष्टी स्वस्त आहेत: शेतात गमबूट, हातात बॅटरी, झोपायला खाट आणि तिला नीट खोचलेली मच्छरदाणी. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे जूनपूर्वीच विचारून ठेवावे. दंश झाल्यानंतर ते विचारत बसलो, तर तेवढा वेळ विकरांना मिळतो.